आत्याच्या हाराची ट्रायल

माझ्या आत्याला मरायची अजिबात घाई नव्हती. तिला फक्त फोटो वेळेवर तयार हवा होता.

फोटो म्हणजे तो भिंतीवरचा, हार घातलेला, ज्याच्याकडे बघून आल्यागेल्याने क्षणभर आवाज खाली आणायचा असतो तो. बाकीची माणसं हे काम मागे राहणाऱ्यांवर सोपवून निघून जातात. आत्याचा मागे राहणाऱ्यांवर विश्वास नव्हता. का नव्हता, हे तिच्या सिन्नरच्या घरात टीव्हीच्या वर गेली बावीस वर्षं टांगलेलं होतं.

आतोबा गेले तेव्हा त्या धावपळीत घरात त्यांचा एकट्याचा एकही फोटो सापडला नाही. लग्नाच्या फोटोत तोंडावर मुंडावळ्या, सहलीच्या फोटोत ते पाठमोरे. शेवटी कोणीतरी त्यांच्या कारखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो सोलून काढला आणि मोठा करून आणला. टपाल तिकिटाएवढा फोटो बारा बाय अठरा झाला, आणि त्याच्या कोपऱ्यावरचा शिक्काही त्याच प्रमाणात वाढला. आतोबांच्या डाव्या गालावरून एक जांभळी कमान निघते, खांद्यावर उतरते, आणि कॉलरपाशी 'दिनांक' हा शब्द अगदी स्वच्छ वाचता येतो. पुढे तारीख नाही. आत्याने चंदनाचा हार असा बेताने घातला होता की शिक्का बरोबर झाकला जावा. पण पंखा लावला की हार सरकायचा आणि 'दिनांक' डोकावायचा. उन्हातून आलेला पाहुणा आधी पंखा मागतो, मग पाणी पितो, मग वर बघतो आणि विचारतो, "हे काय लिहिलंय हो?"

"बावीस वर्षं उत्तरं देतेय मी," आत्या म्हणायची. "माझ्या वेळेला माझी उत्तरं कोण देणार?"

आत्या शाळेत शिवण शिकवायची. तिच्या हाताखालून सिन्नर तालुक्यातल्या निदान दोन पिढ्या काजबटणं शिकून गेल्या. निवृत्त झाली तरी गळ्यातली टेप सुटली नाही. जगात जे काही बिघडतं ते माप न घेतल्यामुळे बिघडतं, असं तिचं साधं तत्त्वज्ञान. ब्लाउज असो, सून असो, पोळीचा डबा असो, आधी माप, मग ट्रायल, मग पक्की शिलाई. मरण एवढं मोठं काम, आणि त्याला ट्रायल नाही, हे तिला शिस्तीला धरून वाटेना.

त्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नाशिकला, गुरुवारी सकाळी. त्यासाठी ती पंधरा दिवस आधीच आमच्याकडे राहायला आली. बॅगेत दोन साड्या, एक बारा बाय अठराची रिकामी फ्रेम आणि एक नवाकोरा चंदनाचा हार.

"फ्रेम ह्यांच्यासारखीच आहे, बघ. त्याच दुकानातली. हारही तसाच," तिने मला पलंगावर मांडून दाखवलं, एखादी रुखवत मांडून दाखवते तसं. "आता आत घालायला मी तेवढी पाहिजे."

"आत्या, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. गुडघ्याने कोणी जात नाही."

"गुडघ्याने नाही गं, भुलीने. भूल चढवायची म्हणतात, उतरवायचं नाव कोणी काढलं नाही."

तिने आधी सिन्नरच्या एका स्टुडिओत प्रयत्न केला होता. त्या माणसाने कॉम्प्युटरवर तिच्या सुरकुत्या पुसल्या, मागे बर्फाचे डोंगर लावले आणि नाकाशेजारचा मस उडवला. आत्याने फोटो तिथेच परत केला. "मस नसलेली बाई शेजारी लावली तर हे ओळखतील का? म्हणतील, ही कोण आली?" मोबाइलवर तिचा भरवसा नव्हता, त्यात नाक आधी येतं आणि माणूस मागून. त्यामुळे उरले मी. मी तिची भाची, आणि माझ्याकडे भला थोरला कॅमेरा.

"एक साधा फोटो," ती बोटावर मोजत म्हणाली. "समोरून. मधोमध. डोळे उघडे. बस."

आता इथेच घोळ होता. मी कलावंत झाले होते.

कॅमेरा मुळात मुलीचा. तिने हट्टाने घ्यायला लावला, महिनाभर मांजरांचे फोटो काढले आणि कपाटात ठेवून दिला. पन्नाशी उलटलेल्या बाईने एका दुपारी कपाट आवरायला काढावं आणि तिला तो सापडावा, याहून धोकादायक गोष्ट घरात घडू शकत नाही. मी रविवारच्या फोटोग्राफीच्या वर्गाला जायला लागले. तिथे आमचे सर. अंगाने काडी, पण शब्द असा टाकायचे की वर्गात टाचणी पडू नये. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एक चौकोन काढला, त्याचे उभे-आडवे तीन-तीन भाग केले, मधल्या खणावर फुली मारली आणि म्हणाले, "मध्य म्हणजे मरण! विषय मधोमध ठेवला की फोटो मेला. विषय नेहमी एक-तृतीयांशावर." मी ते वाक्य वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातलं कोणीही कुठल्याही फोटोत मधोमध आलेलं नाही.

सहली संपल्या. म्हणजे आम्ही जायचो सगळीकडे, पण सहल अशी होत नव्हती. "पूर्वी आपण बाहेर जेवायला जायचो," नवरा म्हणायचा, "आता जेवण गार करायला जातो." मिसळीच्या तर्रीवर खिडकीचं प्रतिबिंब पडेपर्यंत त्याने चमचा उचलायचा नाही, असा माझा दंडक होता. मुलीच्या विसाव्या वाढदिवसाचे मी चौऱ्याऐंशी फोटो काढले. ते बघून ती शांतपणे म्हणाली, "आई, ह्यात मी कुठे आहे?" मी तिला दाखवलं. केकच्या सुरीत उलटी दिसत होती ती.

आत्या आल्यावर मात्र मी मनापासून ठरवलं की तिला हवा तसा फोटो द्यायचा. साधा, समोरून, मधोमध. तो घरात, गॅलरीत, पाच मिनिटांत झाला असता. पण पाच मिनिटांत होणारं काम कलावंत कसा करणार? मी म्हटलं, आत्या, चांगला उजेड पाहिजे, बाहेर जाऊ.

सोमवारी सुट्टी होती. पिंपळगावला नवऱ्याच्या मावसभावाची द्राक्षबाग आहे, तिथे गेलो. आत्या मोरपंखी सिल्कची साडी नेसून, केसाला तेल लावून, मोढ्यावर ताठ बसली. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मला वेलींमधून झिरपणारा तो हिरवा उजेड दिसला. झालं. मी आत्याला सरांचा एक-तृतीयांश समजावत तीन फूट मागे सरकवलं, पानाआड. फोटो आला तो असा, की उजव्या कोपऱ्यात अर्धी आत्या, तोंडावर पानांच्या सावल्या, आणि एकूण रंग हिरवा.

आत्याने चष्मा लावून स्क्रीन बघितली. "मला काय कावीळ झालीय?"

"वातावरण आहे ते, आत्या."

"आणि उरलेलं अर्धं तोंड?"

"ते बघणाऱ्याने कल्पनेने पूर्ण करायचं असतं."

"आलेल्या माणसाने हात जोडायचे की कोडं सोडवायचं?"

बुधवारी संध्याकाळी देवळाली कॅम्पच्या बाजारात गेलो. मी कॅमेरा तिपाईवर लावला, आत्याला चौकात एका जागी उभं केलं. शटर सावकाश ठेवायचं, म्हणजे गाड्यांच्या दिव्यांचे सोनेरी पट्टे होतील आणि मध्ये आत्या तेवढी स्थिर, काळाच्या ओघात उभ्या असलेल्या खांबासारखी. कल्पना उत्तम होती. नेमक्या त्या चार सेकंदांत शेजारच्या गाडीवर मिरच्या तळायला पडल्या आणि आत्याला शिंकांची माळ लागली. फोटोत दुकानं स्पष्ट, पाट्या स्पष्ट, सिग्नलला उभा फौजी स्पष्ट, आणि त्याच्या शेजारी मोरपंखी रंगाचा धूर.

"हा लावा," आत्या म्हणाली. "म्हणजे लोकांना कळेल की मी गेले तरी इथेच आहे."

नवरा इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. मी हसले नाही. कलावंताला थट्टा लागते.

ऑपरेशनला एक रविवार उरला. आणि त्याच सुमारास आमच्या सरांनी वार्षिक प्रदर्शनाचा विषय जाहीर केला: 'चौकट'. फोटो सोमवारपर्यंत द्यायचा होता. माझ्या घरात पलंगाखाली एक रिकामी चौकट होती, आणि तिच्यात बसायला उत्सुक अशी एक आत्या होती. असा योग कलावंताच्या आयुष्यात एकदाच येतो. मी आत्याला सांगितलं की रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जाऊ, तिथे काढूच तुझा फोटो. जे सांगितलं नाही ते हे, की कोणाचा फोटो काढायचा हे मी मनात ठरवून टाकलं होतं, आणि तो आत्याचा नव्हता. तो चौकटीचा होता.

रविवारी निघताना आत्याने फ्रेम मांडीवर घेतली. काच काढून घरी ठेवली होती, फुटायला नको म्हणून. हार पर्समध्ये.

"हार कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"हार घातला की हनुवटी झाकली जाते. ह्यांची गेलीय बघ. मान किती वर धरायची ते हार लावून बघायला नको?"

"आत्या, जिवंत माणसाच्या फोटोला हार लावत नाहीत. अशुभ असतं."

"ट्रायल आहे रे. ट्रायल अशुभ नसते. ट्रायल न घेता शिवलेलं अशुभ असतं."

पाण्याच्या कडेला एक एकटी बाभूळ आहे. तिच्या आडव्या फांदीला मी फ्रेम टांगायची ठरवली. दोरी कोणी आणली नव्हती. आत्याने पर्समधून परकराची नवी नाडी काढली, टेपने दोन्ही बाजू समान मोजल्या आणि नवऱ्याने फ्रेम बांधली. मागे खुर्ची ठेवली, खुर्चीत आत्या. पुढून बघितलं तर मागे नुसतं रुपेरी पाणी, त्यापुढे हवेत तरंगणारी चौकट, आणि चौकटीत खांद्यापासून वर आत्या. मुलीने पाय उंचावून फ्रेमला हार चढवला.

"हनुवटी दिसतेय का?" चौकटीतून प्रश्न आला.

"थोडी वर करा, आत्याआजी. हं. आता फर्स्ट क्लास."

असा फोटो नाशिकमध्ये आजवर कोणी काढला नसेल. मी मागे सरकले, आडवी झाले, गुडघ्यावर बसले, झुडपात शिरले. आत्याला म्हटलं, हलू नको. ती हलली नाही. शिवणाच्या परीक्षेला मुलींनी बसावं तशी ताठ बसून राहिली. मी चौकटीचे फोटो काढत राहिले: तिरकी चौकट, वाऱ्याने फिरणारी चौकट, चौकटीचा नुसता कोपरा.

तेवढ्यात वरच्या पायवाटेने एक गावकरी मोटारसायकलवरून आला. मागे दुधाचे दोन कॅन. त्याला लांबून काय दिसलं असेल? झाड, हार घातलेला म्हातारीचा फोटो, पुढे तीन माणसं गप्प उभी. त्याने गाडी थांबवली. खाली उतरला, चपला काढल्या, टोपी सारखी केली, बाभळीसमोर येऊन हात जोडले आणि डोळे मिटले.

अशा वेळी काय बोलायचं असतं?

"सुखी राहा," चौकट म्हणाली.

त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. फोटोही त्याच्याकडे बघत राहिला.

"आजी," तो म्हणाला, "अजून हायेत का तुमी?"

"हाये की."

"मंग हार?"

"ट्रायल घेतेय. गुरुवारी ऑपरेशन आहे."

"कशाचं?"

"गुडघ्याचं."

"मग काय नाय होत," तो म्हणाला. "माज्या सासूचं दोन्ही गुडघं झालं. लय चालती आता. बोलती पन लय." मग जरा मागे जाऊन त्याने मान तिरपी करून बघितलं. "हार उजवीकडं बोटभर खाली आलाय."

"पाहिलंत?" आत्या आम्हाला म्हणाली. "ह्याला म्हणतात नजर." त्याने हार सारखा केला, चपला घातल्या आणि निघून गेला. इतका समजूतदार प्रेक्षक मला पुढे कधी भेटला नाही.

थोड्या अंतरावर एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूट चाललं होतं. त्या बॅकवॉटरला सुट्टीच्या दिवशी माणसापेक्षा प्री-वेडिंग जास्त. मुलगी जमिनीवर लोळणाऱ्या लाल गाऊनमध्ये, मुलगा अशा तंग सुटात की त्याला बसता येत नव्हतं. त्यांचा फोटोग्राफर, डोळ्यावर गॉगल आणि कमरेला चार लेन्सचे पाऊच, आमच्याकडे बघत बघत जवळ आला.

"मॅडम, कसला भारी सेटअप आहे! कॉन्सेप्ट काय?"

"चौकट," मी म्हटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणी मला कॉन्सेप्ट विचारली होती.

"आमच्या कपलला पाच मिनिटं मिळेल का?"

मी आत्याकडे बघितलं. आत्या चौकटीतून म्हणाली, "घेऊ दे. माझी मान अवघडलीच आहे. पण नंतर माझा काढायचा हं. उजेड जायच्या आत."

"काढते गं, आत्या."

आत्या उठली, माझ्या मुलीच्या खांद्यावर हात टाकून बाजूला झाली. जोडपं चौकटीमागे गेलं. मुलगा बसू शकत नव्हता म्हणून उकिडवा राहिला, मुलीने त्याच्या गालाला गाल लावला. दोघांनी गोड हसून बघितलं. वरून चंदनाचा हार. त्या फोटोग्राफरला त्यात काहीही वावगं दिसलं नाही. "सर, लव्ह दाखवा! मॅडम, फॉरएव्हरवाला लुक!" असं ओरडत तो फोटो काढत होता.

फॉरएव्हर चालू असतानाच मागे गाडीत बसलेली त्या नवरीची आई हातात शिऱ्याचा डबा घेऊन खाली आली. लेकीला घासभर भरवावं म्हणून आली बिचारी. तिने झाडाकडे बघितलं. फ्रेम बघितली. हार बघितला. फ्रेममध्ये लेक आणि होणारा जावई, दोघं हसत.

"अगंऽ बाईऽ बाईऽ!" ती ओरडली ते धरणाच्या पलीकडे ऐकू गेलं असेल. शिऱ्याचा डबा हवेत. "काढा तो हार! लग्नाआधीच भिंतीला लावताय माझ्या पोरीला!"

"मम्मी, कॉन्सेप्ट आहे!"

"तुझ्या कॉन्सेप्टला आग लागो! जावईबापू, बाहेर या आधी त्यातून!"

जावईबापू बाहेर येत नव्हते. उकिडवं बसल्यावर त्यांचा सूट मांडीवर उसवला होता आणि त्यांना उठायची लाज वाटत होती. आई एकीकडून हार ओढतेय, फोटोग्राफर दुसरीकडून फ्रेम धरतोय, लाल गाऊन बाभळीच्या काट्यात अडकलाय, माझा नवरा मध्यस्थी करायला गेलाय आणि त्याच्या डोक्यावर शिरा आहे. आत्या एकीकडे शांतपणे सांगतेय, "पँट काढून दे रे, दोन टाके घालून देते."

आणि माझ्या कॅमेऱ्याने लाल दिवा दाखवला. बॅटरी संपत आली होती. झुडपांतून काढलेल्या दोनशे कोपऱ्यांनी ती खाल्ली होती. एक फोटो निघेल, फार तर.

त्या क्षणाबद्दल मी खोटं सांगू शकते. पण नाही सांगत. मला आत्या दिसली. ती आता पुन्हा खुर्चीत जाऊन बसली होती, खुर्ची जरा बाजूला ओढून. पदर सारखा केला, हनुवटी वर केली, माझ्याकडे थेट बघितलं आणि म्हणाली, "काढ आता." आणि तिच्या डावीकडे जगातली सर्वांत वेडी चौकट चालू होती. लाल, रुपेरी, शिरा उडालेला, हार ताणलेला. विषय एक-तृतीयांशावर.

मी कॅमेरा डावीकडे वळवला.

क्लिक. आणि स्क्रीन काळी पडली.

"झाला?" आत्याने विचारलं. हनुवटी अजून वर होती.

"बॅटरी गेली, आत्या."

तिने हनुवटी हळूच खाली आणली. इतकंच. नाडी सोडली, गुंडाळली, पर्समध्ये ठेवली. गाडीत फ्रेम मांडीवर घेऊन बसली. गाडी गंगापूर रोडला लागली. मग ती म्हणाली, "हरकत नाही. तुझी कला झाली ना?" टोमणा मारलेला असता तर मी उलट बोलले असते. पण तिने तो टोमण्यासारखा मारलाच नाही.

घरी बॅटरी लावून मी तो फोटो बघितला. नवरीच्या आईचं कोपर. बरोबर दोन-तृतीयांश. उरलेल्या तिसऱ्या भागात शिरा. तरी सोमवारी मी तो सरांना दाखवला. सरांनी खूप वेळ बघितला आणि विचारलं, "हे नेमकं काय आहे?" मी म्हटलं, "कोपर." ते म्हणाले, "धीट आहे." पण घेतला नाही.

बुधवारी दुपारी आत्याला दवाखान्यात दाखल केलं. मी कॅमेरा घेतला, दोन बॅटऱ्या घेतल्या, घरची पांढरी चादर घेतली. नवरा म्हणाला, "आता दवाखान्यातही?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने चादर स्वतःच्या काखेत मारली.

वॉर्डात आत्या दवाखान्याच्या निळ्या गाऊनमध्ये पलंगावर बसली होती. लहान दिसत होती, सवय नसलेल्या कपड्यात माणूस दिसतं तशी. मला बघून म्हणाली, "आता कशाला? मान अवघडेल तुझी."

"आत्या, मोरपंखी आणलीय. वरून नेसवते."

गाऊनवरूनच साडी गुंडाळली. मागे चादरीचं एक टोक नवऱ्याने धरलं, दुसरं वॉर्डातल्या मावशीने. "माझा हात येणार नाही ना त्यात?" मावशी म्हणाली, "माझ्या सासरी चालायचं नाही." शेजारच्या पलंगावरच्या बाई कुशीवर वळून बघायला लागल्या. आत्याने टेप काढली आणि डोक्यापासून चादरीच्या वरच्या कडेपर्यंत अंतर मोजायला लावलं. "डोक्यावर चार बोटं सोडायची. आणि एकच काढायचा. माप घेतल्यावर कापड एकदाच कापतात."

मी तिच्यासमोर उभी राहिले. अगदी समोर. कॅमेऱ्यात आत्या मधोमध आली आणि माझा हात सवयीने उजवीकडे जायला लागला. मी तो मागे आणला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी कोणाकडे सरळ बघत होते. आत्याची हनुवटी वर होती, पण थरथरत होती. डोळे उघडे, पण ते माझ्यावर नव्हते. ते दारावर होते, जिथून उद्या सकाळी स्ट्रेचर येणार होतं. असा फोटो मी काढला असता तर तो भिंतीवरून जन्मभर घाबरत राहिला असता.

मी कॅमेरा न हलवता विचारलं, "आत्या, हाराला खाली किती सेंटिमीटर सोडू?"

आत्याची मान झटकन माझ्याकडे आली. "इंच म्हण! सेंटिमीटरने ब्लाउज बिघडतात."

क्लिक.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "आता हो कशा दिसल्या, अगदी शाळेतल्या बाईच!" मावशीने चादर सोडून टाळी वाजवली आणि नवऱ्याच्या अंगावर चादर पडली.

ऑपरेशन सुरळीत झालं. भूल चढली, उतरली, आणि उतरताना आत्याने पहिलं वाक्य कोणाला उद्देशून म्हटलं ते कळलं नाही, पण ते काजांबद्दल होतं.

दीड महिन्याने मी सिन्नरला गेले. फोटो मी आधीच मोठा करून पाठवला होता. काठी टेकत टेकत आत्यानेच दार उघडलं. आत आतोबांच्या शेजारी ती टांगलेली होती, हार नाही, पण अगदी समोरून, मधोमध, डोळे उघडे, नाकाशेजारी मस, आणि तोंडावर "इंच म्हण!" हे जवळजवळ ऐकू येणारं. माझ्या आयुष्यातला सर्वांत साधा फोटो. मी त्या तोंडाकडेच बघत राहिले. आत्या सांगत होती, लोक येतात, दारातून फोटो बघतात, चेहरा पाडतात, आणि मग ती स्वयंपाकघरातून चहा घेऊन येते. पोस्टमन तर चप्पल तशीच टाकून जिन्यापर्यंत पळाला होता. असं मजेत दिवस चाललेत, म्हणाली.

मग मी पंखा लावला, परत वर बघितलं, आणि नजर तोंडावरून खाली आली.

तिच्या फोटोत, डाव्या खांद्यावर, जांभळा शिक्का होता.

"आत्या! हे काय झालं? कोणी केलं?"

"मी केलं. शाळेचा शिक्का आहे, शिवणाच्या वह्यांवर मारायचे तो. पॅड वाळलं होतं, चार थेंब पाणी टाकलं." ती खुर्चीत बसली, नवा गुडघा हाताने सरळ केला. "आठ दिवस बघत होते. मी एवढी स्वच्छ, आणि हे एकटेच शिक्क्याचे. शेजारी टांगलेलं कोणीतरी दुसरंच जोडपं वाटायचं. पाहुणे त्यांनाच विचारायचे. आता दोघांनाही विचारतील."

मी जवळ जाऊन बघितलं. शिक्क्यात वर 'तपासले' होतं, खाली 'दिनांक', आणि पुढची जागा कोरी. पंख्याने आतोबांचा हार सरकला आणि त्यांच्याही कॉलरवरचा 'दिनांक' डोकावला.

"एवढा सरळ फोटो काढला होता गं तुझा," मी म्हटलं.

"मग? मध्ये मारलाय का मी?" आत्याने काठीचं टोक फोटोकडे केलं. "नीट बघ. एक-तृतीयांशावर आहे. तुझ्या सरांना सांग."